आत्याच्या स्क्रीनवरचा रंग

माझ्या नवऱ्याला कुठलाही कॉम्प्युटर आहे तसा कधी बघवलाच नाही. आमच्या बेटांच्या राजधानीत, नुकुआलोफात, आमचं झेरॉक्सचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. कुणी बंद पडलेलं मशीन आणून टाकलं की फेआओ ते आधी चालू करायचा आणि मग कुणी न सांगताच त्याचं रूप बदलून द्यायचा. फोल्डरच्या आयकॉनच्या जागी विणलेली टोपली, कचऱ्याच्या डब्याच्या जागी डुक्कर. पाद्रीबाबांच्या मशीनवरही त्यानं डुक्कर बसवलं. जुनी प्रवचनं त्याच्या तोंडात जाताना बघून बाबांना हसू आवरेना.

"अरे, लोक दुरुस्तीला देतात, नटवायला नाही," मी म्हणायचे.

"कालो, दवाखान्यातून घरी आलेली बाईसुद्धा आधी केस विंचरते."

असल्या माणसाशी काय वाद घालायचा? शिवाय खोटं कशाला बोलू, करायचा ते देखणं करायचा. त्याच्या थीम, म्हणजे स्क्रीनची ही सगळी सजावट, इंटरनेटवरून परदेशातले लोक उतरवून घ्यायचे आणि हा त्यांच्या शाबासक्या मला वाचून दाखवायचा. मी भांडी घासत हं हं करायचे.

या खटाटोपाचा खरा उपयोग एकाच माणसाला झाला, तो लेसिएली आत्याला. माझ्या सासऱ्यांची ही थोरली बहीण, बोटीनं जावं लागतं त्या हाअपाई बेटांवर राहायची. वडिलांची बहीण म्हणजे आमच्या घरात वडिलांच्याही वर. ती आली की सगळ्यांचे आवाज आपोआप खाली. म्हातारपणी तिला ऐकू येईनासं झालं, तेव्हा फोन निरुपयोगी ठरला. फेआओनं तिला एक मशीन नेऊन दिलं. बटण दाबायचं आणि बघत बसायचं, एवढंच ती शिकली. टाइप करायचं नावही काढू देईना.

मग यानं तिच्याशी रंगांतून बोलायला सुरुवात केली. दोन्ही मशीनं त्यानं अशी जोडली की इथे तो जी थीम लावेल ती तिथे आत्याच्या स्क्रीनवर दिसायची. त्याच्या शाळेनं रग्बीचा सामना जिंकला की तिथे सगळं लाल. आमची मुलगी झाली तेव्हा प्रत्येक आयकॉनचं पांढरं फूल झालं. पुढच्याच बोटीनं बाळासाठी आत्याची मऊ चटई आली. आणि स्क्रीनच्या मधोमध मोठं कोनफळ दिसलं, की समजायचं, भावाच्या शेतातलं पहिलं कोनफळ बोटीवर चढलंय.

हे बहीण-भाऊ वयात आल्यापासून एका खोलीत बसले नव्हते. आमची रीतच ती. बहिणीसमोर थट्टा नाही, मोकळं बोलणं नाही, मायेचा शब्द तर नाहीच. पण तिच्याकडे कोनफळ रवाना झाल्याशिवाय सासरे स्वतः एक फोड तोंडात घालत नसत. ती मिळाल्याचा निरोप कधी द्यायची नाही आणि ते कधी विचारायचे नाहीत. त्या दोघांचं सगळं बोलणं एवढंच होतं.

एकदा परदेशातल्या त्या मंडळींनी सुंदर थीमची स्पर्धा लावली. त्यांना सगळं काळोखं आवडतं. फेआओनं चार रात्री जागून काळीभोर थीम केली, कडेला जांभळी झालर. मला दाखवली तेव्हा माझ्या हातात पिठाचं पातेलं होतं. सुरेख आहे म्हटलं आणि वळले. कुंपणाला काळं-जांभळं कापड लागलं की घरात कोण गेलं म्हणून विचारायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आम्हा दोघांना तेव्हा कळलं नाही. तो त्या लोकांच्या डोळ्यांनी बघत होता. आत्याच्या मशीनची जोडणी सोडायची राहून गेली.

आत्यानं सकाळी बटण दाबलं. रंगानं कळवण्याची सवय यानंच लावलेली. शब्दांत सांगायचा धीर फेआओला झाला नसेल, असंच तिला वाटलं. घरात मरण यावं असं वय एकाचंच होतं, तिच्या भावाचं. ती बोट गाठून आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या रस्त्याला रडण्याचा आवाज आला. मी बाहेर धावले. काळे कपडे, कमरेला चटई, मागून दोन बाया जपून ठेवलेली जुनी मानाची चटई घेऊन येत होत्या. आत्या चालता चालता विलाप करत होती. बहिरं माणूस किती मोठ्यानं रडतं हे मला त्या दिवशी कळलं.

"पेनिसिमानी, माझ्या शाळेसाठी तू तुझी शाळा सोडलीस रे. तुझ्या लग्नात मी तोंड फिरवून बसले. रागानं नाही, तू आता दुसऱ्या घराचा झालास म्हणून. जन्मभर मी तुझी वाट बघत कोनफळं खाल्ली. एकदा तरी तुला सांगायला हवं होतं."

पेनिसिमानी म्हणजे माझे सासरे. ते आत, भिंतीपलीकडे, तळलेला मासा खात होते. हातातला घास हातातच राहिला. बाहेर येता येईना, आत बसवेना. मी आत्याचे दोन्ही हात धरले आणि खिडकीकडे बोट केलं. पडद्याआड भावाची सावली हलली. आत्या गप्प झाली. भाऊ आहे याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर आला, मी तो बघितला. आणि लगेच त्यानं सगळं ऐकलं हेही तिच्या लक्षात आलं. तिनं चटई डोक्यावरून ओढून घेतली. पाणीसुद्धा न घेता ती बंदरावर जाऊन बसली.

फेआओ हाअपाईला गेला, डुक्कर आणि कावा या मानाच्या पेयाची मुळं, असा माफीचा नजराणा घेऊन तिच्या उंबऱ्याशी डोकं खाली घालून बसला. आत्यानं त्याला पोटभर जेवायला घातलं. "तुझ्यावर राग नाही रे बाळा," म्हणाली आणि मशीन गोणपाटात बांधून त्याच्या स्वाधीन केलं.

त्या वर्षी कोनफळ उत्तम आलं. खोपटात रचून ठेवलेलं बघून फेआओ वडिलांना म्हणाला, "बोट उद्या आहे."

"कुठल्या तोंडानं पाठवू?" सासरे म्हणाले. "मेल्यावर बहीण काय बोलणार हे माणसाला आधी कळू नये. आता नुसतं कोनफळ पाठवलं तर तिला वाटेल, एवढं ऐकूनही याला एवढंच सुचलं."

"मग तुम्हीही काहीतरी सांगून पाठवा, बाबा."

"बहिणीला? तुला लाज वाटत नाही का?"

कोनफळं कुजली. पुढच्या वर्षी त्यांनी लावलीच नाहीत. फेआओ रोज खोपटाकडे बघायचा आणि दुकानात जाऊन फक्त दुरुस्ती करायचा. मीही टोमणे मारणं सोडलं.

मग सासरे खरोखर गेले. आमच्या कुंपणाला कापड लागलं. आत्या आली, उशाशी तिच्या मानाच्या जागेवर बसली. आम्ही, मुलं-सुना, मानानं खालची म्हणून फाटक्या मोठ्या चटया बांधून मागे चुलीपाशी; घरात जायची आम्हाला मुभा नाही. पहिला विलाप बहिणीचा, तो झाल्याशिवाय बाकीच्या बायका रडत नाहीत. सगळं घर थांबलं. फेआओ माझ्याकडे बघत होता.

आत कुणीतरी आत्याला हात लावून खुणावलं असावं. तिचा मोठा, कोरडा आवाज चुलीपर्यंत स्पष्ट आला.

"सांगून झालंय त्याला."

फेआओ राखेत खाली बसला. आत बायकांना सुरुवात कुणी करायची ते कळेना.