आज मैदान मिळणार नाही

काहीही विचारा, तो आधी खाली बसायचा. गुडघे कटकट वाजायचे. मग डाव्या हाताचा पंजा गवतावर ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि डोळे मिटायचा. आपण उभे. वारा सुटलाय, नाक गळतंय, तरी आपण उभे. मग तो उठायचा, हात पँटीला पुसायचा आणि म्हणायचा, "हॉयटं निश्ट." आज नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असणारच. सोसायटीचा हॉल ज्याच्या ताब्यात असतो आणि हॉल कुणी वापरलेला ज्याला बघवत नाही, तसा. ह्याच्या ताब्यात जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीचं फुटबॉल स्टेडियम होतं, एवढाच फरक. हुद्दा प्लात्झवार्ट, म्हणजे मैदान राखणारा. मी त्याच्या हाताखाली. त्याला मी शेफ म्हणायचो, म्हणजे साहेब. तो मला युंगे म्हणायचा, म्हणजे पोरगं. माझे कल्ले पांढरे झालेत, पण ते त्याला कोण सांगणार.

मी तिथं कसा, हे सांगायला हवं. मी दहावी नापास. दोनदा. दुसऱ्यांदा जरा जोरात. बायको आमच्याच गल्लीतली, हुशार. कोल्हापुरात तिला क्लासला गाडीवरून मीच सोडायचो. ती आत जायची, मी बाहेर चहा प्यायचो. त्याचा निकाल असा लागला की ती इथं पीएचडी करते आणि मी तिच्या व्हिसावर येऊन भांडी घासतो. कामाच्या मुलाखतीला विचारलं, मैदानाचा अनुभव आहे का. म्हणलं, लई. खोटं नाही. आमच्या तालमीच्या फुटबॉल टीममध्ये मी होतोच. अकरा जण खेळायचे, चार बदली, आणि मी पाण्याच्या बाटल्या. पण आमचं मैदान तांबड्या मातीचं. गवत होतं ते कुंपणाला, आणि ते म्हशी खायच्या.

पहिल्या दिवशी मी फाटकातून आत शिरलो, म्हातारा पलीकडच्या टोकाला दिसला, म्हणून सरळ चालत निघालो. मैदानाच्या मधोमध पोचलो तर तो ओरडला. हलू नको म्हणाला. मला वाटलं साप आहे. मी पुतळा. तो सगळ्या मैदानाला वळसा घालून, पळायच्या ट्रॅकवरून, सावकाश माझ्या जवळच्या कडेला आला आणि बराच वेळ नुस्ता बघत राहिला. मला रागवायचं कसं याचा विचार करत असेल असं वाटलं. तसं नव्हतं. मला कमीत कमी गवत तुडवून बाहेर कुठून काढायचं, याचा विचार चालला होता.

पोरांना तर तो वाघ वाटायचा. युनिव्हर्सिटीच्या पोरांनी मागच्या प्लास्टिकच्या मैदानावर खेळायचं, खऱ्या गवतावर पाय ठेवायचा नाही. वर्षभर नाही. फक्त जूनमध्ये एक दिवस, डिपार्टमेंटांच्या स्पर्धेची फायनल ह्या गवतावर व्हायची. त्या एका दिवसासाठी हा माणूस वर्षभर सगळ्यांना नाही म्हणायचा. पाणी, खत, कापणी, सगळं त्या एका दिवसाच्या नावानं. फायनलला जे लंगडे घोडे खेळायचे, ते बघून मला वाटायचं, ह्यांच्यासाठी एवढं? पण तो स्वच्छ शर्ट घालून कडेला उभा असायचा, मुलीच्या लग्नात बाप उभा असतो तसा.

मग ते प्रोफेशनल आले. गावातला मोठा क्लब, टीव्हीवर दिसणारा. त्यांचं स्वतःचं स्टेडियम दुरुस्तीला काढलेलं, म्हणून एक सीझन आमच्याकडे. म्हाताऱ्याला वरून शब्द मिळाला होता की क्लबची शेवटची मॅच मे महिन्यात, जूनची फायनल नेहमीसारखी होईल. त्याला पुढं पेन्शन लागणार होती, ही त्याची शेवटची फायनल. तेवढ्या शब्दावर त्यानं पाहुणे घरात घेतले. घेतले म्हणजे काय, छळले.

एकदा सगळी टीम बूट घालून, गरम कपड्यात, सरावाला बाहेर आली. म्हातारा खाली बसला, पंजा ठेवला, उठला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, जा, सांग त्यांना. मी का? तर म्हणे तुझा चेहरा हसरा आहे. मी गेलो. कोच माझ्यापेक्षा दोन फूट उंच. माझ्या जर्मनमध्ये क्रियापद कुठं टाकायचं हे मला अजून कळलेलं नाही, त्यामुळे मी वाक्य सुरू केलं आणि ते संपेचना. कोच शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, नक्की कोण आजारी आहे?

क्लबनं स्वतःचा एक गवतवाला पाठवला होता. तरुण पोरगा, हातात टॅबलेट, मातीत सुया खुपसून ओल मोजायचा. तुम्हाला वाटत असेल म्हाताऱ्याचा पंजा त्या सुयांपेक्षा खरा निघाला. अजिबात नाही. कधी सुया बरोबर, कधी पंजा. एकदा पंजा म्हणाला चालेल, आणि त्यांचा गोलकीपर चिखलात असा घसरला की गोलपोस्टला जाऊन चिकटला. म्हातारा म्हणाला, चूक गोलकीपरची. मी कपाळ बडवून घ्यायचो. घरी आलो की बायकोला सांगायचो, हा माणूस एक दिवस मला वेड लावणार. बायको म्हणायची, "अहो, त्याला फार काही करावं लागणार नाही."

तिचं बोलणं मी खरं करून दाखवलं ते खंडेनवमीला. हत्यारांची, यंत्रांची पूजा करायचा दिवस. गावाकडं आम्ही स्पॅनरला सुद्धा हळदकुंकू लावायचो. इथं गवत कापायचं एवढं मोठं यंत्र रोज चालवतो आणि नमस्कार नाही, हे मला बरं वाटेना. पहाटे लवकर गेलो. यंत्राला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. रेघा मारायच्या यंत्राला कुंकू लावताना धक्का लागला आणि डबी पांढऱ्या रंगाच्या टाकीत. बोट घालून ढवळलं, वाटलं मिसळून जाईल. मिसळलंच. दुपारी म्हाताऱ्यानं कॉर्नरची कमान मारली ती गुलाबी. दुसऱ्या दिवशी मॅच.

टॅबलेटवाला धावत आला. हे कुणी केलं? मी तोंड उघडलं, पण क्रियापद सापडेपर्यंत म्हातारा बोलला. "मी केलं." बस्स. टॅबलेटवाला गेल्यावर त्यानं माळेकडे बघितलं आणि ही कधीपर्यंत ठेवायची ते विचारलं. म्हणलं, सुकेपर्यंत. आणि लिंबू कशाला? म्हणलं, यंत्राला काही वाईट होऊ नये म्हणून. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मग अजून एक आण. त्यांच्या बसखाली ठेव. इथून लवकर जाऊ देत."

तो झेंडू सुकून कडकडीत होईपर्यंत त्यानं त्या माळेसकट गवत कापलं.

मग मे महिन्यात क्लबचा एक माणूस सूट घालून आला आणि गोड बातमी सांगितल्यासारखं बोलला. करारात आहे म्हणाला, मैदान आम्ही नवं करून परत देणार. शेवटची मॅच शनिवारी. सोमवारी यंत्र येईल, जुनं गवत सगळं खरवडून काढेल, नवं गवत गुंडाळ्यांनी येईल. ते मुरेपर्यंत पावसाळा, म्हणजे आपल्याकडचा, संपलेला असेल. फायनल? ती मागच्या प्लास्टिकवर घ्या की.

म्हाताऱ्यानं आयुष्यात कुणाला काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टाय लावून ऑफिसात गेला. परत आला तेव्हा टाय खिशात होता. यंत्र ठरलंय, तारीख हलत नाही.

मला म्हणाला, शनिवार आणि सोमवारच्या मध्ये रविवार असतो. पोरांना सांग, फायनल रविवारी. मी दोन्ही टीमच्या कॅप्टनना जाऊन सांगितलं. ते हसले. प्लात्झवार्ट स्वतःहून बोलावतोय? माझा हसरा चेहरा इथं नडला, त्यांना चेष्टाच वाटली. शेवटी तो स्वतः युनिव्हर्सिटीच्या खानावळीत गेला, दुपारी, ऐन गर्दीत. मी मागं. त्याला बघून पोरं ताट सोडून उभी राहायला लागली, आज काय तुडवलं आपण? तो एकेका टेबलाशी थांबून सांगत होता, रविवारी या. प्लीज या. त्याच्या तोंडून 'प्लीज' मी पहिल्यांदा ऐकलं.

शनिवारी धो धो पाऊस. क्लबच्या मॅचनं मैदानाचं पार भरीत केलं. आम्ही अंधार पडेपर्यंत फाटलेलं गवत बसवत होतो, जे दोन दिवसांत उपटलं जाणार होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. ऐकतो कोण.

रविवारी सकाळी सगळे आले. दोन्ही टीम, त्यांच्या मैत्रिणी, कुणाचा तरी ढोल. माझी बायकोही आली, डबा घेऊन. म्हातारा स्वच्छ शर्ट घालून मैदानाच्या कडेला गेला. खाली बसला. पंजा ठेवला. ढोल थांबला.

"हॉयटं निश्ट," तो म्हणाला. मग घड्याळ बघून म्हणाला, अजून नाही. दुपारी बघू.

माझं टाळकंच सरकलं. एवढी वर्षं मी गप्प होतो, त्या दिवशी आईची भाषा आठवली. मराठीतच ओरडलो, "अहो शेफ, उद्या उपटून टाकणार आहेत ते! कुणासाठी जपताय?"

त्याला मराठी कुठलं कळायला. पण त्यानं मला सांगितलं, हळू, पोरांना ऐकू जाणार नाही असं. "उद्या उपटतील. आज अजून ते गवत आहे."

बायकोनं डोळ्यांनीच मला खाली बस म्हणून खुणावलं. पोरं कंटाळून स्टँडमध्ये आडवी झाली, दोघंतिघं निघूनही गेली. डब्यातल्या पुऱ्या मेकॅनिकलच्या सेंटर फॉरवर्डनं संपवल्या. दुपारी ऊन आलं. म्हातारा परत बसला, परत पंजा, आणि उठताना त्यानं हात पँटीला पुसला नाही. तो हात तसाच वर केला. "लोस," म्हणाला. चला.

मॅच भिकार झाली. लंगडे घोडे तेच. एकानं तर स्वतःच्याच गोलात मारला. पण इतका वेळ थांबवलेली पोरं अशी पळाली की बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती. शेवटी कोण जिंकलं ते मला आठवत नाही, आर्किटेक्चर असावं.

मॅच संपल्यावर कुणीतरी लाजत विचारलं, एक तुकडा घेऊ का? मी म्हाताऱ्याकडे बघितलं. तो गेला आणि फावडं घेऊन आला. चौकोन चौकोन कापायला लागला, मुळांसकट, मातीसकट, आणि एकेकाच्या हातात देताना सांगायला लागला. सावलीत ठेव. संध्याकाळी पाणी. रोज नाही. पोरं ओळीत उभी, हात पुढं करून, प्रसादाला उभी राहतात तशी. कापायला मीही लागलो. माझे चौकोन तिरके आले, ते त्यानं बाजूला ठेवायला लावले.

संध्याकाळच्या ट्रॅममध्ये सगळीकडे गवत. पोरांच्या मांडीवर, सॅकवर, खिडकीच्या कडेवर. माती खाली सांडत होती आणि एक आजीबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या. म्हातारा आमच्यासमोर बसला होता, हात रिकामे. बायकोनं विचारलं, तुम्ही नाही घेतलात?

"माझ्या घरी सगळी फरशी आहे," तो म्हणाला. "मुद्दाम घातली."

पुढच्या स्टॉपवर तो उतरायला उठला. रजा साठलेली होती, त्यामुळे सोमवारपासून येणारच नव्हता. दार बंद व्हायच्या आत एका पोराच्या मांडीवरचा तुकडा त्यानं उचलला, उलटा धरला होता तो सुलटा करून परत ठेवला, आणि मग गेला.