दिवा लावू नये

चि. गुरुसिद्ध,
तुझ्याबद्दल लिहितेय. मध्ये बोलू नकोस. पुढं तुला 'तो' म्हणणार आहे, कारण 'तू' म्हटलं की तू लगेच उभा राहून आभार मानायला लागतोस.

गुरुसिद्ध कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गॅस एजन्सीत सिलिंडर उचलायला होता. खांद्यावर टाकून तीन-तीन जिने चढायचा. शहाण्णव साली मालक म्हणाले, "गारगोटीकडं नवी गिऱ्हाइकं करायची हायत. बायकांना गॅसची माहिती द्यायची. पहिल्या गावात चाळीस नावं टिकली तर ह्या कामावर तू पक्का. न्हायतर सिलिंडर हायतच की." त्याची कंबर तेव्हाच कुरकुरायला लागली होती. तो थेट माझ्या भाषणाच्या वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसला.

मी शिकवलं : वस्तू कशी आहे ते सांग, ती कशी चालते ते समजाव, अवघड शब्दाचा अर्थ सांग, आणि जमेल तिथं करून दाखव. पठ्ठ्यानं पहिल्या तिन्हींनी वही भरली. चौथ्याला म्हणाला, "करून दावणं हमालाचं काम, बाई. मला भाषण पायजे."

भाषण झालं चाळीस मिनिटांचं. गारगोटीच्या अलीकडच्या गावात देवळासमोर कर्णा लागला. चाळीस नावं आधीच लिहून झाली होती, नुसतं भाषण पार पडायचं होतं. पहिली पंधरा मिनिटं व्यासपीठावरच्यांची नावं. सरपंचांचे बंधू राहिले म्हणून परत पहिल्यापासून. मग 'वायू म्हणजे काय'. बायका पेंगायला लागल्या. शेवटी त्यानं छाती भरून घेतली आणि गर्जना केली, "दिवा लावू नये! काडी ओढू नये! विजेचे बटण दाबू नये, वायुगळतीचा संशय आल्यास!"

नेमका 'वायुगळती'ला कर्णा कुंईऽऽ करून बसला.

मागं बसलेल्या गावातल्या बनाबाईनं कपाळावर हात मारला. "ऐकलंसा? गॅस घेतला की घरात दिवा लावायचा न्हाय म्हनं!"

"द्येवाला सुदिक?"

"दिवा म्हंजी दिवाच की!"

संध्याकाळपर्यंत सदतीस नावं खोडली गेली. उरलेल्या तिघी भाषणाला आल्याच नव्हत्या.

मालकांनी आठ दिवसांची मुदत दिली. गुरुसिद्ध एवढंसं तोंड करून वर्गात आला. मी वही काढून घेतली. "शेगडी ने, सिलिंडर ने. कर्णा नको."

त्यानं देवळासमोरच्या कट्ट्यावर शेगडी मांडली आणि रिकामा खिसा चाचपू लागला. वहीशिवाय शब्द फुटेना.

"काय पावणं, दातखीळ बसली व्हय?" पुढं बसलेल्या धोंडुबाईनं विचारलं. साठीची बाई, आवाज कर्ण्याच्या वरचा.

"अव्वा, तुमीच या की म्होरं," तो कसाबसा म्हणाला.

तिनं शेगडी पेटवली, विझवली. मग त्यानं नळी जराशी ढिली करून तिच्यावर साबणाचा फेस लावला. फेसाला बुडबुडे आले, वास सुटला. धोंडुबाईनं कमरेची काडेपेटी काढली. "आता द्येवाचा दिवा लावूनच बगतो. काय हुतंय ते हुऊ दे!"

"अव्वा, नगं! आत्ता नगं! वास हाय!" त्यानं तिचं मनगटच धरलं. कॉक बंद केला, वास जाईपर्यंत सगळ्यांना थांबवून धरलं. "हं, आता लावा."

देवळासमोरचा दिवा लागला. काही झालं नाही. धोंडुबाई बायकांकडं वळली. "अगं, वास आला तरच काडी वडायची न्हाय! न्हायतर खुशाल लावा. एवढं सांगाया ह्या मुडद्यानं त्या दिशी आख्खी दुपार खाल्ली!"

चव्वेचाळीस नावं झाली. गुरुसिद्ध पक्का झाला.

आता परत 'तू'. तुला तेव्हाच सांगितलं होतं, त्या धोंडुबाईला एकदा माझ्या वर्गात घेऊन ये. पोरांना चार वाक्यं ऐकू देत. "येत्या सोमवारी, बाई," म्हणालास. मी दोन सोमवार वर्ग अर्धा तास थांबवून धरला. मग तू राधानगरीकडं गेलास, मग आणखी कुठं. दोन हजार चारला रंकाळ्यावर भेटलास, तेव्हाही "सोमवारी आणतोच" म्हणालास. कुठल्या सोमवारी, ते मीही विचारलं नाही.