पाच माणसं, एक कुलूप

१९९३ च्या मे महिन्यात राजापूरच्या एस.टी. स्टँडवर मला पोचवायला अकरा माणसं आली होती. वडील आमच्या गावच्या शाळेत मास्तर. त्यांनी माझी ट्रंक हमालाला न देता स्वतः टपावर चढवून घेतली, हात झटकले आणि म्हणाले, "परमुलखात आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहावं. बाकीच्यांशी कामापुरतं." आईने आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून दिलं होतं. गाडी हलली तेव्हा ती रडत होती. वडील ड्रायव्हरशी घाटातल्या रस्त्याबद्दल बोलत होते.

हा प्रसंग मी कुवेतच्या आपल्या मंडळात निदान दहा वेळा सांगितला आहे. प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. आता परत आलेल्यांची स्मरणिका निघते आहे, आणि संपादकांनी माझ्याकडे 'तिकडच्या गोड आठवणी' मागितल्या आहेत. माझ्याकडे त्या नाहीत. होत्या त्या सांगून सांगून मीच खोट्या करून टाकल्या. जे मी कधीच सांगितलं नाही, ते लिहितो. छापायचं तर छापा.

मी गेलो तेव्हा आखाती युद्ध होऊन दोन वर्षं झाली होती. मीना अब्दुल्लाजवळच्या औद्योगिक पट्ट्यात रंग आणि रसायनांचा एक छोटा कारखाना नव्याने उभा राहत होता. देखभालीचं काम ज्या कंत्राटदाराकडे होतं, त्याच्याकडे मला परमिट देण्याची नोकरी लागली. कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी माझ्या सहीचा कागद लागे. माझ्या टेबलाच्या खणात आधीच्या माणसाची तसबीह, म्हणजे जपमाळ, आणि पोरीच्या शाळेची फी भरल्याची पावती सापडली. तो पॅलेस्टिनी होता, तिथेच वाढलेला, आणि युद्धानंतर त्याच्यासारख्या पुष्कळांना देश सोडावा लागला होता. मी खण रिकामा केला आणि त्यात माझा डबा ठेवला. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नाही. तुम्हालाही वाटलं नसेल. आपल्यापैकी कितीतरी जण अशाच रिकाम्या केलेल्या खुर्च्यांवर जाऊन बसले, आणि स्मरणिकेत मात्र आपण 'शून्यातून उभे राहिलो' असं लिहितो.

त्या कंपनीत पगार पासपोर्ट बघून ठरे. एकच पाना, एकच नट, पण फिरवणारा हात गोरा असेल तर एक आकडा, अरब असेल तर दुसरा, आपला असेल तर तिसरा. आपण यावर अब्बासियाच्या आपल्या वस्तीतल्या खोल्यांत बसून तावातावाने बोलायचो. त्याच खोल्यांत आपण बंगाल्याला 'ते लोक' म्हणायचो, फिलिपिनोला 'पिनोय' म्हणून नाक मुरडायचो आणि मल्याळ्यांची संख्या मोजायचो. वर बघून रडायचं आणि खाली बघून थुंकायचं, एवढं एक काम आपल्याला परमिटाशिवाय जमत होतं.

ओळखीला तिथे वास्ता म्हणतात. माझी थोडी जमली तसे मी गावातून पाच जण नेले. दत्ताराम हा त्यांचा मुकादम, मोठ्या आवाजाचा, हाताला हुशार. नारायण त्याचाच शेजारी, अबोल फिटर. पाची जण अब्बासियात एका खोलीत राहत, एका पातेल्यात शिजवत, कंपनीच्या बसमध्ये एका रांगेत बसत. मला त्याचा अभिमान होता.

आता कुलपाचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. यंत्राच्या आत माणूस काम करत असेल तर त्याची वीज तोडतात आणि बटणावर एक लोखंडी कडी लावतात. आत जाणारा प्रत्येक जण त्या कडीत स्वतःचं, स्वतःच्या नावाचं लाल कुलूप अडकवतो आणि किल्ली खिशात ठेवतो. बाहेर आल्यावर ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. एक जरी लटकत असलं तरी यंत्र सुरू होत नाही. पोरालाही समजेल असा नियम. आमच्या गाववाल्यांना तो अपमान वाटे. पाच जणांचं मिळून ते एकच कुलूप लावायचे, दत्तारामचं. "आमच्यात काय दगाबाजी हाय काय पाच कुलपं लावायला?" असं तो विचारायचा. भावाभावांत वाटणी झाल्यासारखं त्यांना वाटायचं. मी ते पाहत होतो, आणि परमिटवर 'कुलपं पाच' असं लिहून सही करत होतो. मला त्यात गावाची एकी दिसायची.

ती एकी ज्याला दिसली नाही त्याचं नाव सेल्वम.

तो मलेशियाचा. नव्वदचं दशक संपता संपता सुरक्षा-निरीक्षक म्हणून आला. रंग आपल्यासारखा, नाव तमिळ, पासपोर्ट मात्र दुसरा, आणि म्हणून पगार माझ्यापेक्षा जास्त. हे आम्ही त्याला कधीच माफ केलं नाही. पहिल्या वर्षी आम्ही त्याला गणपतीला बोलावलं. तो आला, मोदक खाल्ले, छान बोलला. त्या दिवशी त्याने मला त्याच्याकडची गोष्ट सांगितली. आजोबांना इंग्रजांनी भारतातून रबराच्या मळ्यावर नेलं होतं. बापही तिथेच चीक काढायचा. मग देश श्रीमंत व्हायला लागला, मळा विकला गेला, तिथे रस्ते, कारखाने, घरं झाली. "सगळ्यांना काहीतरी मिळालं," तो म्हणाला, "पण कुणी कुठल्या रांगेत उभं राहायचं ते आधीच ठरलं होतं. शाळेच्या फॉर्मवर वंशाचा रकाना असायचा. मलय, चिनी, भारतीय. भरभराट असेल तोवर तो रकाना कुणी वाचत नाही. काम कमी झालं की सगळे तेच पान उघडतात."

मी मान डोलावली आणि त्याला आणखी एक मोदक वाढला. आपण त्यातले नाही, असं मला वाटत होतं.

पुढे त्याने ते एकटं कुलूप पाहिलं. माझ्या रजिस्टरात त्याने इंग्रजीत लिहिलं की माणसं पाच आणि कुलूप एक आहे, हे थांबवलं पाहिजे, पुन्हा दिसलं तर काम बंद करीन. खाली सही. मी त्याला म्हटलं, मी बघतो. त्या दिवशी बसमध्ये, पुढे सेल्वम बसलेला असताना, दत्ताराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या सेल्वमच्या आज्याला विंग्रजांनी बोटीत भरून नेला, आनि ह्यो आमाला कुलूप शिकवतोय." आजोबांची गोष्ट त्याला मीच सांगितली होती. बस हसली. सर्वांत मोठ्याने मी हसलो.

त्यानंतर महिन्याभराने ते झालं. एका मोठ्या टाकीतला रंग ढवळण्याचा मिक्सर साफ करायला पाची जण आत उतरले होते. बटणावर कुलूप एक. दत्तारामला इकाम्याच्या, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याच्या, कागदांसाठी जायचं होतं. कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा मंदूब गाडी घेऊन फाटकाशी खोळंबला होता आणि हॉर्न वाजवत होता. दत्तारामने वर येऊन हाक मारली, माणसं बाहेर येताना पाहिली, कुलूप काढलं आणि गेला. नारायण खरवडणी विसरला म्हणून परत उतरला होता. ऑपरेटरने कडी मोकळी पाहिली आणि बटण दाबलं.

नारायणचा उजवा हात कोपराखाली गेला. त्याचं स्वतःचं कुलूप कडीत असतं तर तो गेला नसता. ते लाल कुलूप, वर 'नारायण' असं लिहिलेलं, स्टोअरमध्ये कोऱ्या खोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं. तो म्हणाला, चूक गटाची असेल तर पुढच्या कंत्राटात भारतीय माणसं ठेवणं अवघड आहे, मनिलाहून निम्म्या वेळात माणसं मिळतात. चूक निरीक्षकाची असेल तर गोष्ट वेगळी. त्याने मला खोटं लिहायला सांगितलं नाही. तशी वेळच त्याच्यावर आली नाही.

शुक्रवारी दुपारी त्यांच्या खोलीत आम्ही बसलो. मी निवेदन लिहिलं. सेल्वमने टाकी तपासली, रिकामी असल्याचं सांगितलं आणि कुलूप काढायला लावलं, असं. दत्ताराम माझ्याकडे बघत नव्हता. बाकीच्या तिघांतला एक जण पुटपुटला, "पन त्यो तर तिथं नव्हताच." मी त्याला म्हटलं, "तुला गावाला परत जायचंय का? उद्याच्या विमानाने?" त्याने सही केली. चौघांनी केली. पाचवी माझी. नंतर मी रजिस्टरातलं सेल्वमने लिहिलेलं पान ब्लेडने कापलं. फाडलं असतं तर शिवण सैल झाली असती. हेही मी नीट विचार करून केलं, म्हणून सांगतो.

सेल्वम माझ्या टेबलाशी आला. रजिस्टर उघडून त्याने पानांचे आकडे बोटाने मोजले. "एक पान नाही," तो म्हणाला. "त्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

त्याने रजिस्टर मिटलं. "मी तुमच्याकडे जेवलो होतो," एवढंच म्हणाला. पंधरा दिवसांत त्याचा व्हिसा रद्द झाला. एका माणसाचा जीव जवळजवळ घेतलेला निरीक्षक, असा शेरा घेऊन तो गेला. त्याला त्या धंद्यात पुन्हा कुणी उभं केलं नाही.

आणि आपली माणसं वाचली का? वर्ष संपायच्या आत मॅनेजरने कंत्राटाचा अर्धा भाग फिलिपिनोंना दिला आणि उरलेला नेपाळ्यांना, कारण ते आणखी कमी पैशात येत होते. दत्ताराम आणि बाकीचे गावी परतले. मला ठेवलं. मी उपयोगी आहे हे मी सिद्ध केलं होतं. २००८ पर्यंत मी तिथे राहिलो, पोरांना इंग्रजी शाळेत शिकवलं, पुण्यात फ्लॅट घेतला. मंडळात दोनदा अध्यक्ष झालो. दोन्ही वेळा भाषण एकीवरच केलं.

गेल्या वर्षी मी सेल्वमचा पत्ता मिळवला. त्याला सगळं इंग्रजीत लिहिलं, सहीनिशी, कुठेही दाखवता येईल असं. दीड महिन्याने चार ओळींचं उत्तर आलं. कंपनी राहिली नाही, मॅनेजर मेला, तेव्हा इंग्रजी कागदाचा आता उपयोग नाही, असं त्याने लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं, "माझ्याबद्दल तुम्ही जे बोललात ते तुमच्या भाषेत बोललात. बसमध्ये हसलात तेही तुमच्या भाषेत. मला ती समजत नव्हती, पण माझं नाव समजत होतं. तुमच्या लोकांना त्यांच्या भाषेत सांगा. आणि मला पुन्हा लिहू नका."

हा लेख त्यासाठी आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी 'त्या मद्राशाने नारूचा हात घालवला' असं म्हटलेलं मी ऐकलं आहे. ते खोटं आहे. हात दत्तारामच्या घाईने, आपल्या कुलूप न लावण्याच्या मिजाशीने आणि माझ्या सहीने गेला. सेल्वमने तो वाचवायचा प्रयत्न केला होता.

पण छापण्याआधी नारायणला सांगणं भाग होतं. त्याला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. तो तेव्हा इस्पितळात बेशुद्ध होता, आणि जागा झाल्यावर त्यानेही मलेशियावाल्याचंच नाव ऐकलं. गेल्या शिमग्यानंतर मी गावी गेलो. दत्ताराम आणि तो आजही शेजारी आहेत. नारायणची बायको मागेच गेली, मूलबाळ नाही. त्याची भातशेती दत्तारामचे मुलगे लावतात. दोन्ही वेळचं जेवण दत्तारामच्या घरून येतं. मी पडवीत बसून सगळं सांगितलं. कापलेल्या पानासकट.

शेजारच्या घरातून दत्तारामच्या खोकण्याचा आवाज येत होता.

"माजा हात गेला तवा तुमी गप ऱ्हायलात," तो म्हणाला. "आता मी त्याच्या घरचा भात खातोय, तवा बोलायला आलात."

मी म्हणालो, "तू नको म्हणालास तर छापत नाही."

"म्हंजी आता ह्ये पन माज्यावरच." त्याने डाव्या हाताने पंचा खांद्यावर नीट केला. "त्या मानसाचं नाव सोडवायचं तर सोडवा. त्यानं काय केलंन हुतं? पन दुपारचं ताट घेऊन दत्ताराम येईल, तेच्याकडं मी कसा बगू, त्ये सांगा तुमी."

तो उठला आणि खळ्याच्या कडेपर्यंत माझ्यासोबत आला. कोकणात पाहुण्याला तेवढं पोचवतातच. तिथे थांबून त्याने मला माझ्या नावाने हाक मारली, साहेब म्हणून नाही, मास्तरांचा मुलगा म्हणून लहानपणी मारायचा तशी. म्हणाला, "हितं परत येऊ नको."

पंधरा वर्षं मी ज्या देशात राहिलो तिथून निघताना मला कुणी काही म्हणालं नव्हतं. सिव्हिल आयडी परत घेतलं, कागदावर शिक्का मारला, पुढचा माणूस बोलावला. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मी उद्या मेलो तर वॉचमनला कळायला दोन दिवस लागतील. जगात एकच जागा अशी आहे जिथे माझं नाव घेऊन मला येऊ नको असं सांगणारा माणूस राहतो. घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी आता त्या गावाचं नाव सांगतो. तिथे मी पुन्हा जाणार नाही.