दगडांचं आळं

आजही आषाढात कुणी आग्रहाने मासळीचं ताट पुढे केलं की मला तापीचा तो डोह दिसतो आणि जेवणावरची वासना उडते. गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. मी नवा फौजदार. त्याआधी धुळ्यात कॉलेजला असताना पत्रकं लिहायचो, चौकात उभा राहून वाटायचो. वर्दी चढली तरी ती भाषा गेली नाही, निवृत्तीनंतरही गेलेली नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं, किंवा घेऊ नये.

आमचं ठाणं तापीकाठी. हद्दीत एक खोल डोह, काठाला भोयांची वस्ती. नदीला नवं पाणी आलं की भोई जाळी गुंडाळून ठेवत. मासा अंडी घालायला वर चढतो, त्या दिवसांत डोहात कुणी हात घालायचा नाही. हे सरकारने सांगितलं नव्हतं. तिथे तसंच चालत आलं होतं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत कुणीतरी डोहात जिलेटिनचा सुरुंग उडवला.

वस्तीची फिर्याद यायच्या आत खबर घेऊन जीप आली. जीपमधून उतरला मासळीचा एक बडा व्यापारी. बर्फाच्या पेट्या भरून त्याचे ट्रक सोनगीरवरून महामार्गाने जायचे. पायात पांढऱ्या चपला. म्हणाला, "साहेब, गावात विहिरीचं काम चाललंय. सुरुंग लावणारा आहे ना, सातपुड्याकडचा, त्याला पहाटे नदीवर पाहिलंय लोकांनी. नागरिक म्हणून सांगितलं."

नागरिक! मी विचारलं, "मासेमारी बंद असताना तुमचं नदीवर काय काम?"

"समुद्र बंद आहे ना साहेब. पावसाळ्यात होड्या काठाला. आणि इकडे आखाड. श्रावण लागायच्या आधी लोकांना खायचंय. आमच्याकडे गिऱ्हाईक ओरडतं."

चहा न पिता तो गेला. वरिष्ठांनी मात्र खबर उचलून धरली. सुरुंगवाल्याला उचललं, स्फोटकांचा गुन्हा नोंदवला. त्याच्या बोटांना सुरुंगाच्या दारूचा वास होता. रोज विहिरी फोडणाऱ्या माणसाच्या बोटांना अत्तराचा वास येणार होता का? पण पायथ्याच्या पाड्यावरचा मजूर. ना जामीन, ना वकील. "उद्या कोर्टात उभा करा," असा हुकूम आला.

मी हवालदाराला आणि पंचांना घेऊन पंचनाम्याला गेलो. काठावर पिल्लांचा खच होता. बोटाएवढी, नखाएवढी. विकायला निरुपयोगी, म्हणून टाकून दिलेली. पुढच्या सालचा सगळा मासा तिथे वाळत पडला होता. मला संताप आला, आणि तो लिहिण्यासाठी पंचनाम्यात रकाना नसतो.

थोडं पुढे उथळ पाण्यात दगड रचून केलेलं एक लहान आळं दिसलं, झाडाच्या बुंध्याला करतात तसं. आत मोठमोठे मासे, सगळे मेलेले. हवालदाराने एक चिरला. अंड्यांच्या गाभोळीने भरलेला. दुसरा, तिसरा, तसाच.

"चोराने नंतर न्यायला ठेवले असतील," हवालदार म्हणाला.

मला पटेना. पळायच्या घाईत चोर मधल्या आकाराचा मासा नेईल आणि सगळ्यात वजनदार मागे ठेवील? ठाण्यात येऊन मी कोठडीसमोर स्टूल टाकून बसलो.

"तू सुरुंग लावला असतास तर कोणते मासे नेले असतेस?"

तो गजाआडून माझ्याकडे बघतच राहिला. "मोठलाच लिसू ना सायेब. पोटमा अंडा शेत का नही, ते कोन देखस?"

खोटं बोलणारा माणूस या प्रश्नावर सावध होतो. याने पोटाच्या भाषेत उत्तर दिलं.

दुपारी वर्दी उतरवून एकटाच वस्तीवर गेलो. एक म्हातारी अक्का दारात सुकट निवडत बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अक्का, ते पाण्यात दगडांचं गोल कशाला करता?"

ती खळखळून हसली. "ती बाळंतीणनी खोली शे, भाऊ. तुम्ही पोलीस, तुम्हाले कोठडीच दिसनार!"

मग तिने समजावलं. शेवटशेवटच्या जाळ्यात भरल्या पोटाची मासोळी आली तर तिला आळ्यात ठेवायचं. धार लागत नाही, दम परत येतो, मग एकेक दगड काढून सोडून द्यायचं. "भोईना पोऱ्या चालाले शिके ना, त्याना आगोदर हाई शिकस," ती म्हणाली.

"म्हणजे हे फक्त भोईच करतो?"

अक्काचं हसू गेलं. सुकट निवडणारा हात थांबला. मी का विचारतोय ते तिला कळलं होतं. ती उठली, आत गेली, दार लोटून घेतलं.

दारामागून दार लागत गेलं. पुढे कुणी बोलेना. मी वस्तीच्या कारभाऱ्याला ठाण्यात बोलावलं. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणालो. फिर्याद त्यांनीच दिली होती, डोळ्यांत पाणी आणून. ते पाणी खोटं नव्हतं, हे आजही सांगतो.

मारझोड केली नाही, आवाज चढवला नाही. त्यांना कोठडी दिसेल अशा जागी बसवलं आणि मुद्देमालातला एक गाभोळीचा मासा टेबलावर ठेवला.

"नाना, याला आळ्यात कोणी ठेवलं?"

नानांनी मान खाली घातली.

"त्या विहीरवाल्याने ठेवलं असेल?"

नानांनी मान वर केली. आत सुरुंगवाला गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. नाना त्याच्याकडे बघत म्हणाले,

"त्याले सोडी द्या, सायेब. ते काम मन्हं शे."

मग सगळं बाहेर आलं. डोहातल्या मासेमारीचा ठेका निघणार होता. पांढऱ्या चपलांनी निरोप दिला होता, आखाडात मासा द्या, ठेका वस्तीच्या नावावर राहील. नाही तर बाहेरची टोळी आणतो, भोयांना डोहात पायसुद्धा बुडवू देणार नाही. जिलेटिन त्यानेच पोचवलं. डोह हातात राहावा म्हणून नानांनी डोहच फोडला. आणि मासा पदरात पडताच, संशय आपल्याकडे वळू नये म्हणून, त्याच व्यापाऱ्याने माझ्याकडे येऊन एका परक्या मजुराचं नाव सांगितलं.

"पण नाना, मेलेले मासे आळ्यात कशाला ठेवलेत?"

"मरेल व्हतात, माले माहीत व्हतं," नाना म्हणाले. "पन हात आयकेना."

सुरुंगवाल्याला मी त्याच दिवशी सोडवलं. जाताना तो नानांच्या समोर थांबला. शिवी देईल असं वाटलं. त्याने फक्त विचारलं, "आते मन्हं काम ऱ्हाई का, आबा?" त्याला विहिरीचं काम परत मिळालं नाही.

व्यापाऱ्याचं नाव मी जबाबात लिहिलं. वरून विचारणा झाली, कबुलीशिवाय पुरावा काय? जिलेटिनच्या कांडीवर कुणाचं नाव नसतं. तो साक्षीदारसुद्धा झाला नाही. डोहाचा ठेका पुढे त्यालाच मिळाला.

तेव्हापासून मला एक प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. समुद्र पावसाळ्यात बंद ठेवतात, चांगलं करतात. मासा वाढायचा तर तेवढी उसंत त्याला हवीच. पण बंदी पाण्यावर घालायची आणि बाजार उघडा ठेवायचा, तर भूक फिरून दुसऱ्या पाण्यावर जाणारच. जिथे पहारा नाही, जिथली माणसं गरजू आहेत, तिथे. हे कळायला फौजदार व्हावं लागत नाही. तरी वर बसलेल्यांना कळत नाही, की कळून घ्यायचं नसतं?

जागा दाखवायला नानांना डोहावर नेलं तेव्हा त्यांच्या हातात बेड्या होत्या. आळ्यातलं पाणी सडून वास मारत होतं. नाना न विचारता खाली बसले आणि बेड्यांसकट एकेक दगड काढू लागले. हवालदार ओरडला. मी त्याला गप्प केलं. शेवटचा दगड निघाला, घाण पाणी धारेला लागलं.

मला त्या प्रकरणाने एवढंच शिकवलं. नाना सापडले ते त्यांच्या हातांमुळे. व्यापाऱ्याचे हात कोरडे होते, म्हणून तो सुटला.