उसना गोलकीपर

कॉलेजात कुठला खेळ खेळायचात असं कोणी विचारलं की मी कॅरम सांगून मोकळा होतो. फुटबॉल म्हटलं की पुढचं विचारतात, कुठल्या जागी? गोलकीपर म्हटलं की विचारतात, मग किती अडवलेत? आणि तिथे आमची बोलती बंद. त्या हंगामात मी अडवले थोडे आणि खाल्ले फार. आई दारातच विचारायची, “काय रे, आज किती खाऊन इलंस?” आम्ही मालवणकडचे, लालबागच्या चाळीतले. आईला फुटबॉलातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आपला मुलगा गोल खातो एवढं तिला चाळीतल्या पोरांनी नीट समजावून दिलं होतं. मेल्यांना दुसरा उद्योग नव्हता.

आमचं कॉलेज परळचं आणि टीमही तशीच. बूट फक्त चौघांकडे. बाकीचे पायाला पट्ट्या गुंडाळून खेळायचे. सरावाचं मैदान म्हणजे गिरणीच्या भिंतीमागची मोकळी जागा. बाकीचे घरी गेले की कॅप्टन मला भिंतीशी उभा करायचा आणि उजेड असेपर्यंत एकामागून एक बॉल मारत सुटायचा. त्याचा लाडका कोपरा एकच, माझ्या उजव्या हाताचा, खाली, जमिनीला घासून. ढोपरं सोलली माझी त्या कोपऱ्यापायी.

कॅप्टन नायगावच्या चाळीतला, वडील गिरणीत साच्यावर, कापड विणायला. त्याच्या घरी त्या वर्षी जुने देव उतरवून भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली होती. नव्याने उभं राहायचं ही गोष्ट त्या घरात लहानथोर सगळ्यांच्या अंगात भिनलेली. कॉलेजातली फुटबॉलची टीमही अशीच, आधी नव्हतीच. त्याने वर्गावर्गातून फिरून एकेक पोरगा गोळा केला होता. त्याचं ते शेवटचं वर्ष. मी गोल खाल्ला तर बाकीचे माझा उद्धार करायचे, हा नुसता म्हणायचा, “असू दे, पुढचा बघ.” त्या ‘असू दे’ची मला शिव्यांपेक्षा जास्त धास्ती.

पाच सामने हरल्यावर प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्याला बोलावलं. मी मागे उभा होतो. साहेब वाईट नव्हते, पण कॉलेजचं नाव वर्तमानपत्रात दर वेळी हरलेल्यांच्या रांगेत वाचून त्यांना उबग आला होता.

“एक सामना जिंकून दाखवा,” ते म्हणाले. “एकच. नाहीतर पुढच्या वर्षी फुटबॉल बंद, आणि तुमच्या जर्स्या व्हॉलीबॉलच्या मुलांना.”

बाहेर जिन्यावर कॅप्टन थांबला. “मी सुरू केलेली टीम माझ्याच हाताने मिटवून जायची नाहीये रे मला,” एवढंच म्हणाला. त्याचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. आमचा सेंटर हाफ घोषणा देऊन घसा असा बसवून यायचा की मैदानात ‘पास दे’ म्हणायला आवाज शिल्लक नसे. राइट बॅकला लाठी बसली होती, तो लंगडत खेळायचा. तक्रार कोणाची नव्हती. मुंबई आपली झालीच पाहिजे यावर आमच्या टीममध्ये दोन मतं नव्हती. एवढी एकच गोष्ट अशी होती. पण सहावा सामनाही आम्ही हरलो. राहिला एक.

आणि नेमका त्या दिवशी हरताळ! ट्राम बंद, बस बंद, पानाच्या गाद्यासुद्धा बंद. सामना वडाळ्याच्या बाजूच्या मैदानावर. आम्ही परळहून गप्पा मारत चालत गेलो. समोरचं कॉलेज मात्र पार फोर्टकडचं. चार वाजले, सव्वाचार झाले, साडेचार झाले. मैदानात आम्ही, रेफरी आणि दोन बकऱ्या. रेफरीने घड्याळ बघितलं. “अर्धा तास झाला. नियमाने सामना तुम्हाला.”

आम्ही जे नाचलो म्हणता! लंगडासुद्धा नाचला. आणि तेवढ्यात लांब रस्त्यावर दहा जण येताना दिसले. फोर्टहून चालत आलेले, बूट लेस बांधून गळ्यात अडकवलेले, सदरे घामाने निथळणारे. त्यांचा कॅप्टन मोडक्या मराठीत म्हणाला, “सॉरी हां. ट्राम नाय, काय नाय. आमचा गोलकीपर माहीमच्या पलीकडे राहतो, तो आलाच नाय.” एक जण तर आल्या आल्या गवतात बसून पायाचे फोड बघू लागला.

“वेळ टळलीय,” रेफरी म्हणाला. “मी यांची जीत लिहितो.”

आमचा कॅप्टन त्या फोडवाल्याकडे बघत होता. “एवढे चालत आलेत,” तो म्हणाला. “न खेळता परत पाठवायचं?”

“येडा झालास का रे?” आम्ही सगळे एकदम ओरडलो. “तोंडात पडलेला घास थुंकतोस?”

“साहेब जिंकून दाखवा म्हणालेत. हे काय जिंकणं झालं?”

आता आमच्या गल्लीचा एक कायदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लगोरी असो, हुतूतू असो, समोरच्यांचा एक कमी पडला तर आपल्यातला द्यायचा, आणि ते मागतील तो द्यायचा. तो उसना भिडू. उसन्या भिडूने आपल्याच माणसांविरुद्ध जीव तोडून खेळायचं. खोटं खेळला तर आठ दिवस त्याला कोणी खेळात घेत नसे. गल्लीत हे ठीक. कॉलेजच्या सामन्यात असं कोणी शहाणा माणूस करील? पण आमच्या कॅप्टनच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “भिडू पाहिजे तर आमच्यातला घ्या.”

त्यांनी अर्थातच गोलकीपर मागितला.

आमची पोरं पोट धरधरून हसली. “द्या रे द्या, हाच द्या! देवच पावला!” सहा सामने गळलेली चाळणी आयती समोरच्यांच्या गळ्यात पडत होती. आमच्याकडे राखीव एक उंच पोरगा होता, तो आमच्या गोलात उभा राहणार. रेफरीने मान हलवली, पण म्हणाला, “दोन्ही कॅप्टन सही देताय ना? मग माझं काय जातंय. हरताळाच्या दिवशी मला तरी कुठे जायचंय.”

खरं सांगतो, माझं डोकं सणकलं होतं. आपल्याच लोकांनी हसत हसत देऊन टाकलेला माणूस मी. कॅप्टनने मला बाजूला घेतलं.

“खरं खेळायचं. घे शपथ.”

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

आणि काय झालं देव जाणे, मला बॉल दिसायला लागला! सेंटर फॉरवर्डचा अडवला, लेफ्ट आउटचा अडवला, एक तर डोक्यावरून चालला होता तो बोटांनी वर ढकलला. ती दहा अनोळखी पोरं माझ्या पाठीवर थापा मारत होती. आमची पोरं आता हसत नव्हती. “अरे ए, आपला ना तू?” असं सेंटर हाफ बसक्या आवाजात खेकसला. शेवटची पाच मिनिटं उरली तरी दोन्हीकडे शून्य.

तेवढ्यात त्यांच्या बॅकचा हात बॉलला लागला. पेनल्टी.

मारायला कॅप्टन आला. बॉल ठेवला, दोन पावलं मागे गेला, माझ्याकडे बघितलं. तो कुठे मारणार हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं. आणि मला जिन्यावरचा त्याचा आवाज आठवला. मी ठरवलं. खड्ड्यात गेली शपथ, आपण डावीकडे पडायचं. कोणाला कळणार होतं? मी गोल खातो हे तर सगळ्या मुंबईला माहीत.

त्याने मारला, उजव्या कोपऱ्यात, जमिनीला घासून. आणि मी उजवीकडेच झेप घेतली. पंज्याला बॉल सणसणीत लागला आणि खांबाबाहेर गेला.

मी तोंड मातीत घालून तसाच पडून राहिलो. रडू आवरेना. कॅप्टन जवळ आला, म्हणाला, “ऊठ. कॉर्नर आहे अजून.”

कॉर्नर फुकट गेला. शून्य-शून्य.

परतीच्या वाटेवर पोरं माझ्यापासून चार पावलं पुढेच चालली. नायगावच्या नाक्यावर कॅप्टन वळायला थांबला आणि म्हणाला, “हंगामभर कुठे होतास रे?” टोमणा नव्हता तो. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला. “म्हणजे जिंकला नाहीत,” ते म्हणाले. फुटबॉल बंद झाला. पुढच्या वर्षी आमच्या जर्स्या घालून व्हॉलीबॉलची पोरं उड्या मारताना दिसली की मी रस्ता बदलायचो.

मग तीनेक वर्षांनी महाराष्ट्र झाला. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या चाळीत तोरणं, रोषणाई, पोरांचा नुसता धिंगाणा. कॅप्टन आला, हातात पेढ्यांचा पुडा. तो तोवर शाळेत मास्तर झाला होता. आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. पुडा उघडायच्या आधीच तो म्हणाला, “एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी मुद्दाम त्याच कोपऱ्यात मारला.”

“का?”

“तुला ठाऊक होतं म्हणून. वाटलं, तू सोडशील.”

“अरे, शपथ तूच घातलीस ना!”

“घातली. आणि बॉल ठेवताना मनात म्हटलं, सोडेल, आपलाच आहे.” तो मान खाली घालून पुड्याची दोरी सोडवत होता. “इतकी वर्षं लाज वाटते मला त्याची.”

“मीही सोडणारच होतो,” मी म्हणालो. “ठरवलं होतं, डावीकडे पडायचं.”

त्याने वर बघितलं. “मग?”

“अंगाने ऐकलं नाही. रोज संध्याकाळी त्याच कोपऱ्यात मारायचास ना तू, उजेड असेपर्यंत.”

त्याने सुटलेली दोरी बोटाला गुंडाळली. खाली पोरं फटाके लावत होती.

“असू दे,” तो शेवटी म्हणाला, आणि पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे धरला.