पोलादावरचं बोट

कुणी जुनं रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं की काका आधी ॲप्रनला हात पुसायचे आणि विचारायचे, "सेलिंग ऑर कीपिंग, मेट?" गिऱ्हाईक मराठी असलं तर, "विकायचंय की ठेवायचंय?" ठेवायचं असेल तर सांगाल तसं चमकवून द्यायचे. विकायचं असेल तर परत सरकवायचे. "मग याला हात लावू नकोस."

मेलबर्नबाहेर क्रेगीबर्नजवळच्या त्या बंदुकांच्या दुकानात मी काउंटरवर होतो, काका मागे वर्कशॉपमध्ये. मूळचे साताऱ्याकडचे, टूलमेकर म्हणून कधीकाळी मेलबर्नला आलेले. नेमबाजी क्लबवाले आणि संग्राहक ही आमची गिऱ्हाइकं. ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा तो निळसर काळा थर, कुठे उडालेला दिसला की माझे हात शिवशिवायचे.

"काका, पॉलिश करून नवीन ब्लूइंग देऊ. पटकन खपेल."

"खपेल रे. पण संग्राहक भाव पाडेल. सत्तरीच्या माणसानं केस काळे केले की लोक त्याचं वय जास्तच निरखून बघतात."

स्वतः मात्र मिशीला कलप लावायचे. मी बोललो की म्हणायचे, "मला कुठे विकायचंय?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

महामारी आली त्या मार्चमध्ये जोन नावाच्या बाईंनी नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर आमच्याकडे विकायला ठेवलं. नवरा वारला होता, त्यांच्याकडे परवाना नव्हता आणि त्यांना कायमचं पर्थला मुलीकडे जायचं होतं. काकांनी शब्द दिला, "थर मूळचा आहे. तसंच राहू दे, चांगली किंमत येईल."

पाडव्याला काकांनी हत्यारांची पूजा केली. खरा मान दसऱ्याचा, पण "तोवर कोण असेल, कोण नसेल" म्हणून आताच उरकली. कानशी, पकडी, आणि तेलपाण्यासाठी बाकावर काढलेलं जोनचं रिव्हॉल्व्हरसुद्धा. सगळ्यांना ओल्या कुंकवाचं बोट. दरवर्षी संध्याकाळी काका ते पुसून घ्यायचे. त्या दिवशी दुपारीच दुकान बंद करायचा हुकूम आला आणि घाईघाईत सगळं तसंच तिजोरीत गेलं.

कित्येक आठवड्यांनी तिजोरी उघडली. कुंकू पुसलं तर नळीच्या मुळाशी थर खाऊन गेलेला, गंजाचा बोटाएवढा डाग. काका स्टुलावर बसले. त्यांना कामाच्या वेळी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"सगळंच नव्याने ब्लू करू," मी म्हणालो. दुकानाच्या मालकाचंही तेच मत पडलं.

"एका बोटाची चूक झाकायला अख्खं रिव्हॉल्व्हर घालवू?" काकांनी गंज तेलाने हलकेच काढला. डाग राहिला. मग स्पीकरवर फोन लावला.

"जोन, चूक माझी आहे." त्यांनी काहीही लपवलं नाही.

"ती पावडर कशासाठी लावता?" जोननी विचारलं.

"ज्या हत्यारांवर पोट चालतं, त्यांना वर्षातून एकदा नमस्कार करतो आम्ही."

मग त्या म्हणाल्या, "माझा नवरा दर रविवारी त्या रिव्हॉल्व्हरशी बोलत बसायचा. मला वाटायचं, असा वेडा जगात एकटाच. नो वरीज. आहे तसं विका."

ॲडलेडच्या एका संग्राहकाने व्हिडिओवर पाहणी केली. काकांनी सगळ्यात आधी डाग दाखवला. त्याने भाव उतरवला, पण घेतलं. राज्यांच्या सीमा उघडल्यावर जोन पर्थला गेल्या.

काका पुढच्या वर्षीच्या लाटेत गेले. हॉस्पिटलमध्ये कुणाला सोडत नव्हते, अंत्यविधी मी मोबाइलवर पाहिला. मला त्यांची फार आठवण येते.

ॲडलेडमध्ये कुणाच्या तरी तिजोरीत त्यांच्या बोटाची खूण आहे. ते रिव्हॉल्व्हर पुन्हा कधीतरी विकायला निघेल, आणि माझ्यासारखाच कुणी काउंटरवाला म्हणेल, एवढा डाग घालवून देतो. त्या दिवशी रिव्हॉल्व्हरच्या मालकाने नको म्हणावं.