शिंगाड्यांच्या कागदावरची सही

वरठीला स्टेशनजवळच्या एका खोलीत बसून मी परदेशी जाणाऱ्या भाजीपाल्याचे कागद तयार करतो. कस्टमला नुसती भाजी कळत नाही. ताजी असेल तर एक क्रमांक, कच्ची वाळवलेली असेल तर दुसरा, शिजवून वाळवली असेल तर आणखी वेगळा. तो क्रमांक ठरवणं हे माझं काम.

गेल्या हिवाळ्यात अड्याळकडच्या एका तलावावरच्या बायकांच्या गटानं वाळवलेले शिंगाडे पहिल्यांदाच आखाती देशात पाठवायचं ठरवलं. सगळ्या मासेमारी करणाऱ्या घरांतल्या. मी माल बघायला गेलो तेव्हा काठावर मोठ्या गंजात शिंगाडे उकडत होते.

"उकडता कायले?" मी विचारलं.

"त्याबिगर सालटं निंघते का, भाऊ?" गटाची अध्यक्षा हसली. "मागवाल्याले पाण्यातलं काय समजते!" आमचं घर विणकरांचं, हे तिला ठाऊक होतं.

डोळ्यांनी पाहूनही मी कागदावर 'कच्चे, सोलून वाळवलेले' असं लिहिलं. त्या क्रमांकाचे कागद माझ्याकडे तयार होते. उकडलेल्या मालासाठी नव्या तपासण्या लागल्या असत्या आणि मला ती यातायात नको होती. घोषणापत्र गटाच्या नावाचं.

"काय लिवलं हाये यात?" अध्यक्षेनं विचारलं.

"नेहमीचंच," मी म्हणालो. तिला अक्षरं सहीपुरतीच येत होती. तिनं मोठ्या अक्षरांत सही केली.

आठ दिवसांनी नागपूरहून कस्टमच्या साहेबांचा फोन आला. नमुना प्रयोगशाळेत पाठवतोय, माल कच्चाच वाळवलाय ना? "हो साहेब," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानंतर जेवता जेवता हात थांबायचा. फोन वाजला की मी त्याच्याकडे नुसता बघत राहायचो. घोषणा खोटी ठरली तर नोटीस सही करणाऱ्याच्या दारात जाते. त्या कागदावर माझा फक्त फोन नंबर होता, नाव कुठेच नव्हतं. मी अलगद सुटणार होतो, आणि गप्प राहून खरंच सुटेन, याचीच मला जास्त भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी तलावावर गेलो. अध्यक्षा सुनेसोबत जाळं झटकत होती. "पोचला का माल?" तिनं लांबूनच विचारलं. मी सगळं सांगितलं. जाळं तिच्या हातातच राहिलं.

"म्हंजे लबाड मी झालो?"

"नाही, बाई. मी."

"कागदावर त मीच आहो ना!"

तिच्यासमोरच मी साहेबांना फोन लावला. "साहेब, माल उकडलेला आहे. मला माहीत होतं. क्रमांक मीच चुकीचा टाकला." ते म्हणाले, "लेखी द्या. दोघांच्या सह्या हव्यात. पुढचं पुढे बघू."

तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून मी अर्ज लिहिला, सही केली आणि पेन तिच्यापुढे धरला. तिनं घेतला नाही.

"थांबा," ती म्हणाली. "सुनेले वाचू द्या पयले."